खिडकीतून आत दिलेलं नाक

आमच्या ह्यांचा जन्म दुसऱ्यांची तोंडं रंगवण्यात गेला. नाटकवाल्यांत ह्यांना सगळे दाढीवाले म्हणतात. स्वतःच्या हनुवटीवर ह्यांनी कधी केस वाढू दिला नाही, पण दुसऱ्याला दाढी चिकटवायची ती अशी की प्रयोग संपल्यावर तो राजा आरशापुढे बसून तासभर ओढत राहायचा आणि आईला हाका मारायचा. राक्षस म्हणा, भिकारी म्हणा, शंभरीचा म्हातारा म्हणा, ह्यांच्यापुढे तोंड धरून बसलं की माणूस तसा होऊनच उठायचा. त्यातही नाकं म्हणजे ह्यांचा हातखंडा. पोपटासारखं, बटाट्यासारखं, मारामारीत मोडलेलं, दारूने सुजलेलं, हवं तसं नाक मिळायचं.

लग्न होऊन मी ह्या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला गेले तर टेबलावर कपाशेजारी चामखीळ असलेलं एक नाक वाळत ठेवलेलं. मी अशी किंचाळले की शेजारी धावत आले. पुढे काय, सवय झाली. पुढे तर मीच ओरडायची, "अहो, तुमची नाकं उचला आधी, ताटं मांडायची आहेत."

अशा माणसाला कॅन्सर व्हायचा तो कुठे व्हावा? नाकालाच झाला.

आधी नुसती पुटकुळी होती. उजव्या बाजूला, नाकाच्या मध्यावर. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची, आणि दर वेळी जरा वर सरकायची. हे म्हणायचे, "चष्मा घासतो." मीही सगळ्यांना तेच सांगायची, चष्मा घासतो. ह्यांना चष्मा लागल्यानंतर मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो नोकरीसाठी परगावी गेला, सूनबाई आमच्यापाशी राहिली, आणि चष्म्याला घासायची बुद्धी आत्ता झाली, हे काही आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. शेवटी सूनबाईने हाताला धरून इस्पितळात नेलं. तिथे कणभर मांस कापून तपासलं आणि कॅन्सर आहे म्हणून सांगितलं.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला स्पष्ट. "आजोबा, हा आळशी जातीचा कॅन्सर आहे. अंगभर पळत नाही. बसल्या जागी आजूबाजूचं कुरतडत राहतो. मात्र कुरतडत कुरतडत चाललाय तो डोळ्याकडे. डोळ्यापाशी पोचायच्या आत आपण काढून टाकू, कानामागची कातडी घेऊन तिथे लावू, विषय संपला. पोचला, तर मग डोळा वाचवणं माझ्या हातात नाही."

घरी येताना गाडीत हे म्हणाले, "नाकाचं काही नाही गं. नाक मी दुपारपर्यंत दुसरं करीन. डोळा कुठून आणू?"

ऑपरेशनची तारीख मिळाली. सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल काढला. आणि त्या लाल गोलापर्यंत पोचायच्या आतच साथ आली.

साथ आली ती सगळ्यांनाच ठाऊक आहे, मी काय सांगायची! नाट्यगृहाला कुलूप लागलं. रस्त्यावर काळं कुत्रं दिसेना. भाजी आणली तर ती आधी अंघोळ करायची, मग आम्ही. इस्पितळाने सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली. फोन आला की डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला व्हिडिओवर बघतील, आणि ज्याचं अगदीच थांबण्यासारखं नाही त्यालाच आत बोलावतील. मला हायसं वाटलं. ह्यांचं नाक एकदा पाहिलं की कोणीही घाईने बोलावलं असतं. तोवर तिथे नखाएवढा खड्डा पडला होता, कडेला पिवळट, मधे काळं.

व्हिडिओच्या दिवशी सूनबाईने साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवला, कुठे दाबायचं ते ह्यांना दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, माझी आत मीटिंग आहे. तुम्ही फक्त बसा आणि विचारतील त्याचं उत्तर द्या. काही करू नका."

नेमकं हेच ऐकायचं राहिलं असावं. हे उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं शर्ट बदलत असतील. बऱ्याच वेळाने आले ते खरंच चांगला शर्ट घालून, केस बसवून, आणि येऊन खुर्चीत ताठ बसले. मी पातेलं घासत होते. माझ्याकडे ह्यांची डावी बाजू होती. उजवी दिसली असती तर पुढचं रामायण झालंच नसतं.

"नमस्कार आजोबा! जरा उजेडाकडे वळा. आणखी. अरे वा!" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "हे तर छानच दिसतंय की. मागच्या फोटोत मला मोठं वाटलं होतं. कातडी अगदी अखंड आहे. रक्त येतं का?"

"आत्ता नाही."

"पाणी सुटतं?"

"आत्ता तर अजिबात नाही."

"उत्तम. मग आपण आरामात थांबू शकतो. साथ ओसरू दे, मग बघू. वर्षभराने भेटलो तरी चालेल. काळजी घ्या."

हे उठून उभे राहिले, हात छातीशी नेऊन वाकले. नाटकाचा पडदा पडताना वाकतात ना, तसे. फोन बंद झाला.

मी पातेलं तसंच टाकून ओल्या हाताने समोर आले. बघते तर काय, ह्यांचं नाक कोवळ्या पोरासारखं! खड्डा नाही, खपली नाही, वांग नाही. वर हलकी पावडर. मी टेबल पुसायचं फडकं उचललं आणि ह्यांच्या नाकावरून फिरवलं. फडक्यावर खोटी नाकं घडवायची पुट्टी आली, रंग आला, आणि खालून तो खड्डा माझ्याकडे बघायला लागला.

"अहो, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? कॅमेऱ्यासमोर उघड्या तोंडाने जायचं? उजेड कुठून पडतोय ते पाहिलंस का? सगळा उजवीकडून. ती जखम किती भयंकर दिसली असती!"

"दिसायलाच हवी होती! ती डॉक्टर आहे!"

"म्हणूनच. परक्या, शिकलेल्या बाईसमोर..." आत्ता कुठे ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे, ती म्हणाली वर्षभर, ते..."

"ते पुट्टीला म्हणाली. पुट्टी वर्षभर छान राहील."

हे खाली बसले. थोड्या वेळाने उजव्या डोळ्यावर हात ठेवून खोलीभर बघितलं. मग उठून रंगाच्या पेटीतून एक केस आणि केसांचे टोप विणायची सुई काढली. केस सुईत ओवायचा, टोपाच्या जाळीतून घ्यायचा, गाठ मारायची, हे काम ह्यांनी जन्मभर केलेलं. उजवा डोळा झाकून एकदा ओवायला गेले, केस सुईच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूने गेला. मी म्हटलं, राहू द्या. हे म्हणाले, "थांब गं." पण तो केस काही सुईत जाईना. मग पेटी बंद केली आणि म्हणाले, "चहा कर."

सूनबाई मीटिंगमधून बाहेर आली तेव्हा तिला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. इस्पितळाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला, कारण ती म्हणाली तिला हसू आणि रडू दोन्ही एकदम येतंय.

"बाई, तुमच्या पेशंटची तपासणी झालेली आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी उत्तम म्हटलंय."

"ती पुट्टी होती."

"काय होती?"

"पुट्टी. नाकाला लावलेली."

"भिंतीला लावतात ती?"

"नाही हो, नाकाची वेगळी येते."

"बाई, आम्हाला दिवसभर फोन येतात. बरे असलेले लोक आजारी आहोत म्हणून सांगतात. आजारी माणूस बरं असल्याचं सोंग करतो, हे मी पहिल्यांदा ऐकतेय. तुम्ही फोटो पाठवा."

सूनबाईने फोटो पाठवला, चांगला जवळून. उत्तर आलं की हा जुना फोटो दिसतो, पेशंटची ताजी तपासणी झालेली असून त्यात जखम आढळली नाही. मग सूनबाईने त्याच दिवसाचं वर्तमानपत्र नाकाखाली धरायला लावून पुन्हा फोटो काढला, तर मजकूरच इतका मोठा दिसला की नाक बाजूला राहिलं. पुन्हा व्हिडिओ मागितला तर इस्पितळवाले म्हणाले, एकदा पाहिलेल्यांची पाळी सगळे संपल्यावर. सगळे संपल्यावर म्हणजे कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"आपण जाऊच," मी म्हटलं. "प्रत्यक्ष नाक बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

इस्पितळाच्या फाटकासमोर जमिनीवर पांढरे गोल काढले होते. एका गोलात मी, एका गोलात हे. फाटकावर एक धिप्पाड रखवालदार, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकचं तावदान, हातात ताप बघायची बंदूक. त्याने दोघांच्या कपाळावर नेम धरला आणि विचारलं, "काय काम?"

"डॉक्टरीणबाईंना नाक दाखवायचंय," हे म्हणाले आणि मास्कला हात घातला.

"हां हां! मास्क खाली नाही! दंड आहे. उलट वर घ्या, डोळ्यापर्यंत. हां, असा."

"पण दुखणं मास्कच्या खाली आहे."

"मग ते खालीच राहू दे."

"अहो दादा," मी म्हटलं, "नाक दाखवल्याशिवाय तुम्ही आत कसे सोडणार?"

"आत गेल्याशिवाय नाक दाखवता येणार नाही, मावशी."

"मग आत सोडा."

"आत फक्त तातडीचे."

"हे तातडीचंच आहे!"

"दिसत नाही तसं."

"कसं दिसेल? मास्क आहे ना!"

"मास्क तर हवाच," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "हे बघा काका, मी डोळे मिटतो. तेवढ्यात काय खाली करायचं ते करा. मी पाहिलं तर मला दंड लावावा लागेल, आणि मला ते बरं वाटणार नाही."

त्याने खरंच डोळे मिटले. ह्यांनी मास्क खाली केला आणि नाक दाखवत उभे राहिले. समोर डोळे मिटलेला रखवालदार, इकडे नाक उघडं टाकलेले हे. मी दोघांकडे बघत माझ्या गोलात.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं," हे म्हणाले आणि मास्क वर घेतला.

"फार त्रास आहे का?"

"तुम्ही बघितलं असतं तर कळलं असतं."

"मला वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि ते खरंच असावं.

परत फिरताना फाटकाच्या बाजूला भिंतीत एक खिडकी दिसली. काचेला हात जाईल एवढं भोक. वर पाटी: येथे फक्त नमुने स्वीकारले जातील, माणसांनी थांबू नये. एकेक जण यायचा, बाटली नाहीतर डबी आत सरकवायचा आणि निघून जायचा. हे तिथे थांबले आणि मान तिरकी करून खिडकीकडे बघत राहिले. नवं पात्र रंगवायला घेताना हे असेच बघतात. मला तेव्हाच कळलं की घरी जाऊन टेबल रिकामं करावं लागणार.

"माणूस आत जात नाही ना?" गाडीत बसल्यावर हे म्हणाले. "मग नाक तेवढं पाठवू. अगदी जसंच्या तसं, मेणाचं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पोचलं की त्यांना समजेल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे आरसा घेऊन टेबलाशी बसले. मेण, रंग, कोरण्या, काड्या. दुपारी मला हाक मारली. मी हात पुसत गेले. टेबलावर सरळ, धारदार, तेज असलेलं एक नाक.

"हे कोणाचं?"

"माझं."

"कधीचं?"

"आपल्या लग्नातलं."

"लग्नात मी तुमच्या शेजारी बसले होते. तेव्हाही हे नव्हतं."

पुष्कळ कुरबुर करून ह्यांनी ते मोडलं. दुसरं केलं. ह्या वेळी नाक बरंचसं ह्यांचं होतं, पण जखम म्हणाल तर एखाद्या नायिकेच्या गालावर शोभेल असा तीळ. मी म्हटलं, "अहो, आयुष्यभर दुसऱ्यांना महारोगी केलंत, खुनी केलंत. स्वतःवर वेळ आली की हात का आखडतो?"

"स्वतःचं नाक आहे गं. आवडतं मला."

"तुमचं नाही असं समजा. नाटकातल्या खलनायकाचं आहे. पहिल्याच प्रवेशात बायका-पोरं घाबरली पाहिजेत."

"असं सांग की मग," म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या.

तिसरं नाक झालं त्याला तोड नव्हती. एकेक छिद्र सुईने टोचलेलं. नाकपुडीत खोट्या दाढीच्या केसांतले दोन केस. जखमेची कड पिवळी, मधे खपली, एका बाजूने खपली सुटून खाली ओलं. ह्यांनी डोळ्याचा कोपराही केला होता, अंतर कळावं म्हणून. सूनबाई पाणी प्यायला आली, टेबलाकडे बघितलं आणि पाणी न पिताच परत गेली.

मी मात्र खुर्ची ओढून बसले. इतके महिने हे नाक माझ्यासमोर जेवत होतं, बोलत होतं, माझ्यावर चिडत होतं, आणि मी ते एकदाही असं टक लावून बघितलं नव्हतं. बघायला गेलं की हे मान फिरवायचे, आणि फिरवली की मलाही बरंच वाटायचं. आता टेबलावर ते नाक काही मान फिरवणार नव्हतं. जखमेपासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत तांदळाचा एक दाणा मावेल, एवढीच जागा उरली होती.

"एवढं झालंय?" मी विचारलं.

"मी वाढवून नाही केलं," हे म्हणाले.

बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून त्यात नाक ठेवलं. झाकणावर सूनबाईने ह्यांचं नाव आणि डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या खिडकीशी. आत एक तरुण मुलगा, नखशिखांत निळ्या प्लास्टिकमधे.

"काय आहे?"

"नाक," हे म्हणाले.

"नाकातला स्राव?"

"नाही, नाक."

"काडीवर घेतलंय का?"

"नाही हो. आख्खं आहे."

त्याने डबा आत ओढला, झाकण उघडलं. मला त्याचे फक्त डोळे दिसत होते, ते आधी मोठे झाले, मग ह्यांच्या मास्ककडे गेले, मग पुन्हा डब्यात.

"हे... हे कधी झालं?"

"काल संध्याकाळी."

"कोणी केलं?"

"मीच," हे म्हणाले. कामाचं कौतुक झालं की ह्यांचा आवाज जरा चढतो, तसा चढला होता. "घरीच. जेवायच्या टेबलावर. नाट्यगृह बंद आहे ना सध्या."

"घरी? आणि भूल?"

"भूल कशाला? मधे एकदा चहा घेतला."

मुलगा भिंत धरून खाली बसला. काचेतून दिसेनासाच झाला. मग एकदम उठला, डबा छातीशी धरला आणि "बर्फ! बर्फ आणा!" असं ओरडत आत पळाला.

मी ह्यांना म्हटलं, "बर्फाने मेणाला तडा जाईल का हो?"

"कापूस आहे, नाही जाणार," हे म्हणाले. अजूनही आम्हा दोघांना काही उमगलं नव्हतं.

मग फाटक उघडलं. ज्या फाटकातून कालपर्यंत माशी जात नव्हती, त्यातून चाकांचा पलंग घेऊन चार निळी माणसं धावत आली. ह्यांना उचलून आडवं केलं. हे म्हणत होते, "अहो, मी चालतो, मला पायाला काही नाही," पण ऐकतो कोण! "बोलू नका काका, धीर धरा, रक्त थांबलंय हेच नशीब!" आणि पलंग खडखडत आत गेला.

एक नर्स माझ्यापाशी थांबली. "तुम्ही कोण?"

"बायको."

"तुम्ही ह्यांना थांबवलं नाहीत?"

"थांबवलं की! पहिलं मला पसंतच नव्हतं. मोडायला लावलं."

"पहिलं?"

"दुसरंही बरं नव्हतं. हे तिसरं आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून ते डोळे विसरले नाही. मग आत पळाली. रखवालदार सगळं ऐकत होता. त्याने आपली खुर्ची उचलून माझ्या पांढऱ्या गोलात आणून ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. "बसा मावशी," म्हणाला. "तरी मी म्हणत होतो, परवाच बघायला हवं होतं."

आत काय झालं ते ह्यांनी नंतर सांगितलं, आणि त्यातलं थोडं ह्यांनी पदरचं घातलं असणार. एका खोलीत नेलं, दिवा लावला, सगळे भोवती जमले. बर्फाच्या भांड्यात डबा. एकाने कात्रीने मास्कच्या दोऱ्या कापल्या, दुसऱ्याने बोळा तयार ठेवला, आणि मास्क हळूच उचलला. खाली नाक.

"आहे!" कोणीतरी ओरडलं. "ह्यांना नाक आहे!"

"मग हे कोणाचं?" दुसरा म्हणाला. सगळे एकदम बर्फाच्या भांड्यापासून मागे सरकले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डब्यातल्या नाकाकडे पाहिलं. ह्यांच्या नाकाकडे पाहिलं. पुन्हा डब्यात पाहिलं. मग मेणाचं नाक बोटात धरून ह्यांच्या तोंडाशेजारी नेलं आणि कितीतरी वेळ जुळवत राहिल्या.

"आजोबा, त्या दिवशी व्हिडिओवर हे नव्हतं."

"होतं. मी झाकलं होतं."

"का?"

"तुम्ही बघणार होता म्हणून."

हे सांगतात, बाई आधी चिडल्या. खूप बोलल्या. इथे आत यायला लोक रडतात आणि तुम्ही खोटं नाक लावून बसता, वगैरे. मग त्यांच्या तोंडासमोरचं तावदान आतून वाफेने पांढरं झालं आणि खांदे हलायला लागले. रडताहेत की हसताहेत ते कळेना, म्हणून हे "क्षमा करा" म्हणाले, तर त्या आणखीच हलायला लागल्या. मग तावदान काढून पुसलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि ह्यांच्या नाकावर दाबला. ह्यांची किंकाळी मला फाटकाबाहेर ऐकू आली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. मग जखमेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं, आणि त्यांचं हसू तिथे संपलं. "अजून जागा आहे. पण वर्षभर काय, महिनाभरही थांबायला नको. मी ह्याच आठवड्यात घेते. आणि आजोबा, येताना तोंड धुऊन या."

हे बाहेर आले ते चालत. रखवालदाराने ह्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, सापडलं का?"

ऑपरेशनआधी साथीची तपासणी झाली. काडी नाकात घालायची होती. त्या काडीवाल्याला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं असावं, कारण त्याने ह्यांचं नाक चिमटीत धरून जरा हलवून पाहिलं, मग काडी घातली.

ऑपरेशनच्या दिवशी घरच्या कोणाला आत सोडत नव्हते. हे फाटकातून गेले, वळून हात छातीशी नेला. वाकायला लागले तशी मी ओरडले, "नाटकं पुरे, आत जा!" ते गेल्यावर मात्र मी त्या गोलातून हलले नाही. ऊन सरकत सरकत माझ्या पायांवर आलं. सूनबाई समोरच्या गोलात फोन हातात घट्ट धरून. आम्ही दोघी एरवी एका खोलीत असलो की बोलायला विषय नसतो, त्या दिवशी मधे एवढी जागा होती तर ती ओरडून मला तिच्या ऑफिसातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी मान हलवत होते.

फोन वाजला. सूनबाईने ऐकला, आणि तिथूनच स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवून मान डोलावली. मग अंगठा वर केला. रखवालदाराने दोन्ही अंगठे वर केले. मी त्याने पुन्हा आणून ठेवलेल्या खुर्चीत बसून घेतलं.

नाकाची उजवी बाजू गेली. कानामागची कातडी तिथे लावली. हे घरी आले ते डोक्याला पट्ट्या गुंडाळून, आणि आल्या आल्या आरसा मागितला. मी दिला नाही.

टाके सुकल्यावर पुन्हा तपासणी होती, आणि ती व्हिडिओवर. ह्या वेळी मी सकाळीच साबण लावून ह्यांचं तोंड धुतलं, नाक सोडून. रंगाची पेटी टेबलाजवळ ओढून आणली आणि तिच्यावर बसले. सूनबाईने मीटिंग बुडवली. फोन साखरेच्या बरणीला टेकवला.

"आजोबा, पेटी कुठे आहे?" नमस्काराच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या खाली," मी म्हटलं.

"छान. आजी, ओलं फडकं घ्या आणि कडेने हळूच पुसा. टाक्यांवर नको. मला फडकं दाखवा."

मी पुसलं. फडकं फोनसमोर धरलं. कोरं होतं.

"पण कातडीचा रंग जरा वेगळा दिसतोय," त्या डोळे बारीक करून म्हणाल्या.

"तो तुमचा आहे म्हणून," हे म्हणाले. "माझा असता तर दिसला नसता."

"ते मला चांगलं माहीत आहे, आजोबा. बरं, डावा डोळा झाका. उजव्याने माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

ह्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. खोलीत कोणी हललं नाही. हे फोनकडे वाकले, बघितलं, मान तिरकी करून आणखी बघितलं.

"तुमच्या मास्कची वरची शिवण उसवलीय. कानाच्या बाजूची. दोन टाके गेलेत."

बाईंनी हात वर नेऊन चाचपलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "खरंच की." आणि मग म्हणाल्या, "आता आपण निवांत भेटू. हे मनापासून सांगतेय."

त्यांच्यामागे कपाटात ते मेणाचं नाक दिसत होतं. ते त्यांनी परत दिलं नाही. नवीन डॉक्टरांना दाखवायला ठेवलंय म्हणे.

फोन बंद झाला. सूनबाई आत गेली, आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"झालं ना? ऊठ आता."

"कशाला?"

"जरा रंग जुळवून बघतो. पट्टा पडलाय मधे."

"बाहेर मास्क लावून फिरता. कोणाला दिसणार आहे तो पट्टा?"

"तुला दिसतो की."

मी ह्यांच्या नाकाकडे पाहिलं. एका बाजूने जुनं, एका बाजूने कानामागचं, मधून सुरकुतलेली शिवण, आणि वर दोन्ही डोळे माझ्याकडे बघत. ह्यांनी मान फिरवली नाही.

"दिसू दे," मी म्हटलं, आणि पेटीवरून उठले नाही.